अंधेरीच्या चेशायर होममागचा बॉम्बर वैमानिक

मुंबईत अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर ‘चेशायर होम’ आहे. अपंग आणि दीर्घ आजारी माणसांचं हे घर. ज्यांचं नाव त्याला आहे ते लिओनार्ड चेशायर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे बॉम्बर वैमानिक होते.

१९१७ साली चेस्टरमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकवायचे. मुलगाही कायदाच शिकला, पण कोर्टात जाण्याऐवजी वायुदलात गेला. पंचविसाव्या वर्षी ते ग्रुप कॅप्टन झाले, ब्रिटिश वायुदलातले सर्वांत तरुण. पण त्या पदावर टेबलाचंच काम जास्त. म्हणून १९४३ च्या अखेरीस त्यांनी एक पायरी खालचा हुद्दा घेतला आणि जर्मनीची धरणं फोडून गाजलेल्या ६१७ स्क्वाड्रनची सूत्रं हाती घेतली.

या स्क्वाड्रनला एक जुनं दुखणं होतं : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आँतेओरचा रेल्वेपूल. इटलीत लढणाऱ्या जर्मन फौजेची रसद या मार्गाने जायची. त्याच इटलीत मराठा पलटणीचे जवानही जर्मनांशी झुंजत होते. (यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इथल्याच, जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी.) पुलावरचे आधीचे दोन हल्ले फसले होते.

पूल पाडणं वाटतं तितकं सोपं नसतं. हजारो फुटांवरून, रात्री, काही मीटर रुंदीची पट्टी गाठायची. बॉम्ब जरा बाजूला पडला की स्फोटाचा धक्का कमानींमधून निघून जातो आणि पूल उभाच राहतो. म्हणून आधी कुणीतरी खाली उतरून लक्ष्यावर पेटत्या खुणा टाकायच्या आणि बाकीच्यांनी त्यावर नेम धरायचा, ही चेशायर यांची पद्धत. चारच दिवसांपूर्वी लिमोजच्या कारखान्यावर ती यशस्वी ठरली होती. तिथे फ्रेंच कामगारांना पळायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी आधी छतावरून नुसत्या घिरट्या घातल्या होत्या.

१२ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री दहा लँकेस्टर विमानं आँतेओरला निघाली. लिमोजला तोफा जवळजवळ नव्हत्याच, इथे मात्र त्यांचा पहारा होता. चेशायर आणि मिक मार्टिन आळीपाळीने खाली उतरत राहिले. मार्टिन यांच्या विमानाच्या नाकाडात गोळा शिरला आणि बॉम्ब टाकणारे बॉब हे जागीच गेले. विमान कसंबसं सार्डिनिया बेटावर उतरलं. चेशायर यांच्या खुणा किनाऱ्यावर पडल्या आणि पुलाला एकही बॉम्ब लागला नाही. इंग्लंडला परतल्यावर आणखी एक विमान टेकडीवर आदळलं. त्यातलं कुणी वाचलं नाही.

अवजड लँकेस्टर या कामाला चालणार नाही, हे त्या रात्रीने दाखवलं. मग चेशायर यांनी खुणा टाकायला छोटं, वेगवान मॉस्किटो घेतलं. नॉर्मंडीत दोस्तांच्या फौजा उतरल्यावर दोनच दिवसांनी, ८ जूनच्या रात्री, त्यांनी सोम्यूरच्या रेल्वे बोगद्यावर खुणा टाकल्या. सुमारे साडेपाच टनांचा ‘टॉलबॉय’ बॉम्ब त्या रात्री पहिल्यांदा वापरला गेला. त्यातला एक डोंगरात खोल शिरून फुटला आणि नॉर्मंडीकडे जर्मन कुमक नेणारा मार्ग बंद पडला.

शंभर मोहिमांनंतर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो एखाद्या पराक्रमासाठी नव्हे, चार वर्षांच्या सलग धाडसासाठी. ऑगस्ट १९४५ मध्ये नागासाकीवरचा अणुबॉम्ब त्यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला.

युद्ध संपल्यावर त्यांनी वायुदल सोडलं. १९४८ मध्ये आर्थर डाइक्स नावाचा, वायुदलातलाच कर्करोगी माणूस त्यांच्याकडे आला. त्याला जायला जागा नव्हती. चेशायर यांनी त्याला हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी आणलं आणि शेवटपर्यंत स्वतः शुश्रूषा केली. पाठोपाठ इतर रुग्ण आले आणि त्या घराचं पहिलं ‘चेशायर होम’ झालं. पुढे त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठलं, दोनेक वर्षं सॅनेटोरियममध्ये गेली. बरे झाल्यावर १९५५ मध्ये ते भारतात आले आणि देशातलं पहिलं होम अंधेरीत उभं राहिलं.

५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच त्यांनी स्यू रायडर यांच्याशी लग्न केलं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी त्या काम करत. त्याच वर्षी दोघांनी मिळून डेहराडूनला ‘राफेल’ हे केंद्र सुरू केलं.

अखेरच्या काळात चेशायर यांना मोटर न्यूरॉन आजार जडला. हातपाय निकामी करत नेणारा हा आजार त्यांच्या होममधल्या अनेकांना होता. ३१ जुलै १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.