पुरावा मागणारा कथाकार

रहस्यकथा वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडे घरातील वडीलधारी मंडळी आणि शाळेतील शिक्षक फारशा कौतुकाने पाहत नाहीत. एकाच डिटेक्टिव्हच्या कथांची मालिका जितकी लांब, तितके तिचे वाचन निरर्थक, असाच सर्वसाधारण समज आहे. गंमत अशी की, शेरलॉक होम्सचे निर्माते सर आर्थर कॉनन डॉईल यांचे स्वतःचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. ज्या कथांनी त्यांना कीर्ती आणि पैसा दिला, त्यांना ते आपल्या साहित्यात दुय्यम लेखीत. परंतु एका निरपराध माणसावर अन्याय झाला तेव्हा त्यांच्या उपयोगी पडली ती याच कथांतून घडलेली दृष्टी.

डॉईल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी एडिंबरा येथे झाला. वडिलांच्या व्यसनामुळे घरात ओढग्रस्तीची स्थिती होती. गोष्टींची गोडी लावली ती आईने. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करीत असताना त्यांना डॉ. जोसेफ बेल हे गुरू लाभले. रोग्याची चाल, हात आणि कपडे पाहून त्याचा व्यवसाय सांगण्याची बेल यांची हातोटी होती. तीच पुढे होम्सच्या अंगी उतरली. १८८२ साली डॉईल यांनी पोर्ट्‌समथजवळील साउथसी येथे दवाखाना थाटला. रोगी बेताचेच येत, त्यामुळे लेखनास सवड मिळे. १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या सर्व हक्कांपोटी त्यांना अवघे २५ पौंड मिळाले होते. १८९१ साली व्हिएन्नास जाऊन त्यांनी नेत्रवैद्यकाचे काही शिक्षण घेतले आणि लंडनमध्ये व्यवसाय मांडला. पण तेथेही रोगी फिरकले नाहीत. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकातून होम्सच्या कथा येऊ लागल्या आणि हा अपयशी डॉक्टर घरोघरी पोहोचला.

ही लोकप्रियता डॉईल यांना लवकरच जाचू लागली. ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून आपले नाव राहावे, ही त्यांची आकांक्षा. आईचा विरोध असतानाही १८९३ साली त्यांनी स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यात होम्सचा शेवट करून टाकला. वाचक संतापले, हजारोंनी मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ साली लेखकाला त्याला जिवंत करावे लागले. १९२७ पर्यंत चाललेल्या या मालिकेत ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत.

अशी मालिका वाचणाऱ्याला कथेचा क्रम पाठ असतो. पोलीस हाती लागेल त्यावर संशय घेतात. होम्स मात्र बुटावरचा चिखल आणि विड्यांची राख तपासतो, आणि गुन्हेगार भलताच निघतो. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा वाचक नकळत पुन्हा पुन्हा गिरवीत असतो. तो लेखकाने किती गिरवला होता, याची कसोटी लवकरच लागली.

स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या गावी शापुरजी एडलजी हे धर्मोपदेशक होते. ते मूळचे मुंबईचे पारशी; ख्रिस्ती होऊन इंग्लंडात स्थायिक झालेले. कुटुंबाला निनावी पत्रांचा उपद्रव अनेक वर्षे होत होता. १९०३ साली त्या परिसरात रात्री गुरे-घोडी कापण्याचे प्रकार घडले आणि आरोप आला तो शापुरजींचे पुत्र, बर्मिंगहॅममधील सॉलिसिटर जॉर्ज एडलजी यांच्यावर. ती पत्रेही त्यांचीच, असे ठरवण्यात आले. मुलगा त्या रात्री आपल्याच खोलीत झोपला होता, ही वडिलांची साक्ष मानली गेली नाही. जॉर्ज अटकेत असतानाही असे प्रकार थांबले नाहीत. तरी त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. ३ वर्षांनी, १९०६ साली, त्यांना कारण न सांगता सोडण्यात आले. कलंक तसाच राहिला आणि वकिलीही गेली.

त्याच वर्षी पत्नीच्या निधनाने खचलेल्या डॉईल यांनी हे प्रकरण हाती घेतले. १९०७ च्या प्रारंभी ते लंडनच्या एका हॉटेलात जॉर्ज यांना भेटावयास गेले. जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांपाशी, किंचित तिरपे धरून वाचीत होते. ज्या नेत्रवैद्यकाने डॉईल यांना एकही रोगी मिळवून दिला नव्हता, ते त्या क्षणी कामी आले. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य काळोख्या रात्री रेल्वेचे रूळ ओलांडून, शेते तुडवून जनावर कापू शकणार नाही, हे त्यांनी ताडले. मग ते त्या गावी गेले, पुराव्याचे एकेक कलम तपासले आणि ‘डेली टेलिग्राफ’मधून सारे जनतेपुढे मांडले.

मे १९०७ मध्ये सरकारने जॉर्ज यांना माफी दिली. पण पत्रांचा ठपका कायम ठेवला आणि भरपाई नाकारली. न्याय मिळाला तो असा अर्धाच. तरीही त्यांना वकिलीची सनद परत मिळाली. अशा प्रकरणांनी जागृत झालेल्या लोकमतामुळे त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. पुढे ग्लासगोच्या खून खटल्यात जन्मठेप भोगणाऱ्या ऑस्कर स्लेटरसाठी डॉईल यांनी १९१२ पासून लेखणी झिजवली. १९२८ साली ती शिक्षा रद्द झाली.

हेच डॉईल उतारवयात परलोकविद्येच्या नादी लागले. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली. त्या छायाचित्रांतील पऱ्या कागदी होत्या, अशी कबुली त्या मुलींनी १९८३ साली वृद्धापकाळी दिली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पुत्र आणि त्यानंतर लवकरच भाऊ गमावलेल्या मनाला पुरावा पारखण्याचे भान राहिले नाही, असेच म्हणावे लागेल. ७ जुलै १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

पुरावा मागण्याची सवय एकदा लागली की कायमची टिकते, असे नाही. ती सतत जोपासावी लागते. जमाव आणि अफवा मिळून एखाद्याला क्षणात गुन्हेगार ठरवतात, तेव्हा तिची गरज सर्वांत अधिक असते. पाठ्यपुस्तकाआड रहस्यकथा धरून बसलेल्या विद्यार्थ्यावर रागावण्यापूर्वी शिक्षकांनी त्याला एवढेच विचारावे, की या कथेत पहिला संशय कोणावर आला होता आणि तो चुकीचा का ठरला. उत्तर नीट आले, तर त्या मुलाचा वेळ वाया गेलेला नाही.