मुळशीचा सेनापती

दिव्याचे बटण दाबले की उजेड पडतो. तो कोठून येतो आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. सेनापती बापटांचे चरित्र वाचताना मात्र तो टाळता येत नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. तेथे पारतंत्र्याविरुद्ध उघड बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे ते बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकून मायदेशी परतले. अलीपूर खटल्यात नाव आल्यावर त्यांना काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली. नंतर पकडले गेले, तुरुंगात राहिले आणि सुटल्यावर पुण्यात वृत्तपत्राचे काम करू लागले. गावी असताना हातात झाडू घेऊन रस्ते झाडण्याचे व्रतही त्यांनी चालविले होते.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून, बंगालच्या खाणींतून किंवा विलायतेहून आणावा लागे. तो महाग पडे आणि गिरणगावावर धुराचे सावट असे. सह्याद्रीवर पडणारा मुसळधार पाऊस अडवून त्यापासून वीज करावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. १९०४ साली ते वारले. पण त्यांच्या मागे १९१० साली कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. धूर नाही, राख नाही, आणि पाऊस दरवर्षी पडणारच! योजना खरोखर मोठी होती.

पण पाणी साठवायचे तर जमीन बुडते. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले तेव्हा मावळातील पन्नासच्या आसपास गावे संकटात आली. ही भातशेतीची जमीन होती. आंबेमोहोराचा सुवास असलेली ही खाचरे पिढ्यान् पिढ्या कसलेली होती. भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने उभा राहिला. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. बापटांनी पुढाकार घेतला आणि येथेच लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. जमीन तरी राहील, नाही तर प्राण तरी जाईल, असा सर्वांचा निर्धार होता. स्त्रियाही कामाच्या जागी जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. परंतु एकजूट टिकली नाही. पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना भरपाई घेऊन मोकळे होणे सोयीचे वाटले. कसणाऱ्याच्या पदरात थोडेच पडले.

लढा खचत चालला तेव्हा बापटांनी १९२४ च्या डिसेंबरात, धरणाचे सामान नेणारी गाडी शस्त्रे घेऊन अडविली. गांधीजींच्या मार्गात हे बसणारे नव्हते. मलाही हे कृत्य पटत नाही. पण त्यांनी ते लपविले नाही आणि सात वर्षांची शिक्षा निमूटपणे पत्करली. ते १९३१ साली सुटले, तोवर मुळशी बुडून गेली होती. तिच्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्याचे वीजघर चालू झाले होते.

बापट मात्र थांबले नाहीत. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा वृद्ध सेनानी तरुणांच्या पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाचा रस्ता त्याच मुंबईत, जुन्या गिरण्यांच्या भागातून जातो. ज्यांच्यासाठी मुळशी बुडाली, त्या गिरण्या आता बहुतेक बंद पडल्या आहेत.

मग टाटा चुकले की बापट? मला वाटते, प्रश्न असा नाहीच. कोळशाचा धूर सर्वांच्या छातीत जातो, त्याने पृथ्वी तापते, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून पाणी, वारा आणि ऊन यांची वीज हवीच. पण उन्हाच्या विजेलाही जमीन लागते, आणि ती जमीन कोणाची तरी असते. ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारले का, त्याला पुन्हा उभे केले का, आणि त्याच्या घरात तो उजेड पोचला का? विजेला स्वच्छ म्हणण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. मुळशी हरली, पण हा प्रश्न तिने आपल्यासाठी मागे ठेवला आहे.