जामसाहेबांची बालाचडी

निर्वासित लेकराला नुसते छप्पर पुरत नाही, हे नवानगरच्या जामसाहेबांनी जाणले. दिग्विजयसिंहजींचा जन्म १८९५ चा. काका रणजितसिंहजींच्या मागे ते १९३३ साली गादीवर आले. १९४२ मध्ये सोव्हिएत रशियातून आलेल्या पोलिश मुलांसाठी त्यांनी समुद्रकाठी, आपल्या वाड्याजवळच, बालाचडीला वसाहत वसविली. तेथे निजायच्या खोल्यांबरोबर शाळा होती, खेळायला मैदान होते. मुले आपल्या भाषेत शिकत, आपले सण पाळत; त्यांची नाटके पाहायला महाराज स्वतः जात. १९४६ साली उरलेली मुले आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत गेली. जामसाहेब १९६६ मध्ये वारले. आज वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. आमचे पणजोबा ऊसमळ्यांच्या कँपांत राहिले. परक्या मुलुखात आपली भाषा व सण जपू देणाऱ्या घराचे मोल आम्हांस सांगावे लागत नाही.