अदृश्याला दृश्य करणारा शास्त्रज्ञ : फ्रिट्स झेर्निके

प्रकाशाची तीव्रता व रंग आपल्या डोळ्यांना कळतात. परंतु प्रकाशलहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजेच तिची ‘कला’ कोणती, हे त्यांना उमगत नाही. छायाचित्राच्या काचेवरही ती उमटत नाही. ही लपलेली कला उजेड-अंधाराच्या रूपाने डोळ्यांपुढे आणणारे शास्त्रज्ञ म्हणजे हॉलंडचे फ्रिट्स झेर्निके.

त्यांचा जन्म १६ जुलै १८८८ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. आईवडील दोघेही गणिताचे शिक्षक. बालपणी हातखर्चाचे पैसे ते प्रयोगाच्या मुशी व नळ्या घेण्यात घालवीत. जुन्या ग्रामोफोनच्या चक्रांचा उपयोग करून त्यांनी चिमुकली वेधशाळा उभारली व एका धूमकेतूची छायाचित्रे घेतली. १९२० साली ते ख्रोनिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वर्णपटातील ठळक रेषांच्या दोन्ही बाजूंस काही अंधुक, आभासी रेषा दिसत. उपकरणातील दोष म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत. झेर्निके यांनी मात्र १९३० साली त्यांचा कसून अभ्यास केला. त्यांचा प्रकाश मुख्य रेषेच्या प्रकाशापासून पाव लहरीने सरकलेला असतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातूनच सूक्ष्मदर्शकाची नवी युक्ती सुचली.

जिवंत पेशी पारदर्शक असते. ती प्रकाश फारसा अडवीत नाही, केवळ त्याला किंचित विलंब लावते; म्हणून ती नीट दिसत नसे. रंग देऊन पाहावे, तर बहुधा ती मरून जाई. झेर्निके यांनी सरळ येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पाव लहरीचा फरक पाडणारी पट्टिका ठेवली. पेशीतून वळून आलेला प्रकाश त्यात मिसळताच विलंबाचे रूपांतर उजेड-अंधारात झाले आणि जिवंत पेशी स्पष्ट दिसू लागली!

१९३२ साली ते हा शोध घेऊन जर्मनीतील झाइस या विख्यात कारखान्यात गेले. त्यात काही अर्थ असता, तर तो आपणच केव्हाच लावला असता, असा तेथील एका ज्येष्ठाचा सूर होता. झेर्निके खचले नाहीत. १९४१ साली असे सूक्ष्मदर्शक तयार होऊ लागले आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १० मार्च १९६६ रोजी ते निवर्तले.

१९३४ साली त्यांनी दुर्बिणीच्या आरशांचे दोष पारखण्यासाठी मांडलेल्या बहुपदी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. वातावरणामुळे ताऱ्याची प्रकाशलहर वेडीवाकडी होते. आजच्या मोठ्या वेधशाळा प्रतिमेतील उजेडाच्या वाटणीवरून ती वक्रता ताडतात, अनेकदा याच बहुपदींत मांडतात आणि क्षणोक्षणी आकार बदलणाऱ्या आरशाने ती सरळ करतात. विद्यार्थी मित्रहो, इतरांनी दोष म्हणून सोडून दिलेल्या अंधुक रेषांनी केवढे दालन उघडले, पाहा!