भिंतींना भिंतींशी बांधणारा वास्तुविशारद : ताचू नाइतो

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराची भूमी हादरली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. बहुतेकांचा बळी त्यांच्याच घरांच्या कोसळलेल्या भिंतींनी आणि माळवदांनी घेतला. धरणीकंपात घर कशाच्या बळावर तगते, या प्रश्नाचे उत्तर जपानचे ताचू नाइतो यांनी त्यापूर्वी सत्तर वर्षे प्रत्यक्ष इमारतीतून दिले होते.

नाइतो यांचा जन्म १८८६ मध्ये यामानाशी प्रांतात झाला. टोकियोच्या शाही विद्यापीठात ते प्रथम जहाजबांधणीकडे वळले होते. मात्र रशिया-जपान युद्धानंतर त्या व्यवसायाला उतरती कळा लागल्याने त्यांनी वास्तुशास्त्र पत्करले. भूकंपाच्या धक्क्याचा जोर आकड्यांत मांडू पाहणारे तोशिकाता सानो हे त्यांचे गुरू. १९१० मध्ये पदवी घेतल्यानंतर नाइतो वासेदा विद्यापीठात अध्यापन करू लागले. गुरूंनी दिलेली गणिताची छोटी स्लाइड रूल पट्टी त्यांनी आयुष्यभर वापरली.

१९१७ मध्ये ते अभ्यासासाठी अमेरिकेला गेले. त्या प्रवासाची एक हकिगत प्रसिद्ध आहे. सामान अधिक मावावे म्हणून त्यांनी आपल्या पेटीतील कप्प्यांच्या फळ्या काढून टाकल्या. वाटेतील आदळआपटीत ती पेटी चेपली. फळ्या होत्या तोवर मात्र ती शाबूत राहिली होती. घराचेही असेच असावे, हे त्यांनी ताडले. खांब-तुळयांच्या सांगाड्यात योग्य जागी काँक्रीटच्या भक्कम भिंती घातल्या, तर आडवा धक्का त्या पेलतील, असा सिद्धांत त्यांनी गणिताने उभा केला.

त्याची कसोटी लवकरच लागली. त्यांच्या रचनेनुसार टोकियोत उभारलेली जपान औद्योगिक बँकेची इमारत १९२३ मध्ये पूर्ण झाली आणि १ सप्टेंबर रोजी कांतो प्रदेशात महाभूकंप झाला. भूकंप आणि त्यानंतरचे अग्नितांडव यांत एक लाखाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अमेरिकी पद्धतीने बांधलेल्या मारुनोउची इमारतीची मोठी हानी झाली. नाइतो यांची बँक मात्र जवळजवळ अभंग राहिली. पुढच्याच वर्षी जपानच्या बांधकाम कायद्यात भूकंपाचा आडवा भार हिशेबात धरणे आले.

इमारत ताठ असावी की लवचिक, यावर जपानी तज्ज्ञांत पुढे दीर्घकाळ वाद रंगला. नाइतो ताठ बांधणीच्या बाजूचे होते. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःचे राहते घरही काँक्रीटच्या भिंतींच्या आधारावर बांधले.

महायुद्धानंतर, साठीच्या उंबरठ्यापलीकडे, त्यांच्या कारकिर्दीचे दुसरे पर्व सुरू झाले. नागोया, ओसाका, बेप्पू, साप्पोरो येथील मनोरे त्यांनी रचले. १९५८ मध्ये ३३३ मीटर उंचीचा टोकियो टॉवर उभा राहिला, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. २०११ च्या प्रलयंकारी भूकंपात या मनोऱ्याच्या अँटेनाचे टोक वाकले. मनोरा उभाच राहिला.

किल्लारीच्या घरांत काँक्रीट नव्हते. पण नाइतो यांचा धडा तेथेही लागू पडतो. दोन फुटांहून जाड दगडमातीच्या भिंती, त्यावर माळवदाचा मातीचा बोजा, असे त्या घरांचे रूप होते. जाडी होती, वजन होते. उणीव होती ती जोडणीची. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड अनेकदा नव्हते, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. धक्का बसताच थर सुटले आणि जाड भिंतच घातक ठरली. भूकंपानंतरच्या पुनर्वसन व मजबुतीकरणाच्या कामांत आरपार दगड आणि भिंतींना चहूबाजूंनी कवेत घेणारे काँक्रीटचे सलग पट्टे यांवर भर देण्यात आला, तो यासाठीच.

भूकंपाची वेळ कोणाला सांगता येत नाही. वाढत्या कुटुंबासाठी घराला नवी खोली जोडताना हा पट्टा खर्चाच्या नावाखाली गाळला गेला, तर मोडते ते जुनेच सूत्र. भिंत जाड असल्याने नव्हे, शेजारच्या भिंतीला धरून राहिल्याने तगते, हेच नाइतो यांनी उभ्या आयुष्यात सिद्ध केले.