शाळा अर्धवट सोडलेले तुकडोजी महाराज, ज्यांच्या खंजिरीने चिमूरला कविता शिकवली आणि इंग्रजांची झोप उडवली

नववी-दहावीच्या वर्गात कविता सुरू झाली की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. मग काही शिक्षक शक्कल लढवतात. आधी स्पायडरमॅनच्या गप्पा मारायच्या, हातात ताकद आली की जबाबदारी का येते हे पोरांनाच विचारायचं, आणि तिथून हळूच कर्णाकडे, मग धड्याकडे वळायचं. सुपरहिरो आणि सायन्स फिक्शन सिनेमांतून साहित्य शिकवण्याचे प्रयोग जगभर होतात.

पण पोरांना जे आवडतं त्याच वाटेने साहित्य न्यायचं, ही युक्ती विदर्भात एका माणसाने फार आधी वापरली होती. त्याच्याकडे पडदा नव्हता, खंजिरी होती.

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. शाळेत मन रमलं नाही, शिक्षण अर्धवट सुटलं. वरखेडचे आडकोजी महाराज गुरू म्हणून भेटले आणि माणिकचा तुकड्या झाला. पुढे लोक त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागले.

तरुणपणी ते जंगलात फिरले. चिमूर तालुक्यातलं गोंदेडा हे त्यांच्या साधनेचं ठिकाण. आज ते तपोभूमी म्हणून ओळखलं जातं. जंगलपट्ट्यातल्या या गावांमध्ये तेव्हा वाचता येणारे थोडेच होते. छापलेलं पुस्तक इथे काय कामाचं?

महाराजांनी यावर साधा उपाय काढला. त्यांच्या भजनसंग्रहांत अनेक भजनांच्या वर चाल किंवा तर्ज दिलेली दिसते. म्हणजे चाल लोकांच्या ओळखीची, शब्द मात्र नवे. एकदा चाल ओठांवर बसली की शब्द आपोआप पाठ व्हायचे. भाषा मराठी आणि हिंदी, दोन्ही. विषय देवाचा असायचा, तसाच व्यसनाचा, अस्पृश्यतेचा आणि गुलामीचाही.

१९४२ उजाडलं तेव्हा ही भजनं तरुणांच्या तोंडी होती. त्या वेळी गाजलेल्या एका भजनात तर रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या साध्या गोष्टीच नि:शस्त्र माणसाची हत्यारं होतात, अशी कल्पना होती. आज ती एखाद्या सुपरहिरो सिनेमात सहज खपली असती.

ऑगस्टमध्ये भारत छोडोची हाक आली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात किशोरवयीन बालाजी रायपूरकर शहीद झाला. जमाव खवळला आणि चार सरकारी माणसं मारली गेली. काही दिवस चिमूरवर इंग्रजांचा अंमल उरला नाही. मग सैन्य आलं आणि गावाने, विशेषतः बायकांनी, भयंकर अत्याचार सोसले. त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं.

चिमूर फक्त भजनामुळे पेटलं असं म्हणणं चूक ठरेल. देशभरच वणवा लागला होता. पण या भजनांची ताकद सरकारला कळली होती. २८ ऑगस्ट १९४२ ला महाराजांना चंद्रपूरमध्ये अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवून २ डिसेंबरला त्यांना सोडण्यात आलं.

शब्द पोरांच्या मनात उतरले की काय होऊ शकतं, हे चिमूरने दाखवलं होतं. त्याची किंमतही दाखवली होती. म्हणून सुटकेनंतर महाराजांनी काय केलं, ते महत्त्वाचं आहे.

खंजिरी त्यांनी खाली ठेवली नाही, पण आता भर गाव उभं करण्यावर होता. १९३५ मध्ये मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम काढला होता. तिथून ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती ही कामं गावोगाव पोहोचली. १९५५ मध्ये ग्रामगीता आली. ४१ अध्यायांचा हा ग्रंथ त्यांनी ओवीत लिहिला. ज्ञानेश्वरीचा छंद घेतला आणि त्यात आरोग्य, शिक्षण, शेती, निवडणूक असे विषय बसवले. पुन्हा तीच युक्ती: सांगायची रीत ओळखीची, सांगणं नवं.

११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत त्यांचं निधन झालं. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचं नाव तेव्हापासून हजारो पदव्यांवर छापलं जातंय.

वर्गात सुपरहिरो आणणाऱ्या शिक्षकांनाही यातून एक गोष्ट घेता येईल. पोरं चालीवर डोलायला लागली म्हणून महाराज तिथेच थांबले नाहीत. डोलणाऱ्या पोरांना त्यांनी शब्दांपर्यंत नेलं, आणि शब्दांपासून हातात झाडू घेऊन गावाच्या रस्त्यावर.