चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची घटनाकार ही ओळख सर्वश्रुत आहे. १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे बॅरिस्टर आंबेडकर मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरील अब्रूनुकसानीच्या खटल्यात त्यांनी आरोपींची सुटका करविली. पुढच्याच वर्षी ते स्वतः प्रतिवादी झाले.

महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये सर्वांस खुले केले होते, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये, दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर, काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळविला. हजारो सत्याग्रही जमले असतानाही बाबासाहेबांनी तो पाळला. हा निर्णय सोपा खचितच नव्हता.

पुढे प्रश्न उरला तो पुराव्याचा. तळे कोणाच्या मालकीचे, आणि बंदीची रूढी खरोखर अनादी काळापासूनची काय? वादींना ते सिद्ध करता आले नाही. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्यातील अपील १९३३ मध्ये नामंजूर झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. पाणी प्राशन केल्याला दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.